बाटली फुकटची, मेहनत मोलाची

(सामुदायिक रेडिओवरील ‘गटाच्या गोष्टी’ या सदरातील भाषण)

 

आजचा विषय ऐकून काहीजणी नाक मुरडतील. मुरडा, पण रेडिओ बंद करू नका. आज आपण बोलणार आहोत वाईनच्या रिकाम्या बाटल्यांबद्दल. त्यांपासून काय करता येतं, ते कसं करायचं, काय अजिबात करायचं नाही, आणि मुख्य म्हणजे केलेल्या वस्तूची किंमत कशी लावायची.

आता वाईनच्या बाटल्या आपल्या खेड्यात कुठून आल्या, असं कुणी म्हणेल. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी, निफाडकडच्या बायांना हे सांगायला नको. द्राक्षं आपल्या दारात पिकतात. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्षावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांसाठी धोरण आणलं. निफाड तालुक्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क उभे राहिले. वाईनरी आल्या, त्यांच्या मागोमाग पर्यटक आले, आणि पर्यटकांसाठी रिसॉर्ट, हॉटेलं, लॉन्स आली. त्या सगळ्यांच्या मागच्या दाराला रिकाम्या बाटल्यांचा ढीग असतो. बिअरच्या बाटल्या कारखान्यात धुऊन पुन्हा भरतात, म्हणून भंगारवाला त्या आधी उचलतो. वाईनच्या बाटलीला तेवढी मागणी नसते. ती पडून राहते, फुटते, ओढ्यात जाते, शेतात येते, आणि निंदणी करताना आपल्याच पायात घुसते. काच कुजत नाही. आजीच्या काळात पुरलेली काच नातीच्या काळातही तशीच धारदार निघते.

पण आधी मनातली गोष्ट बोलून टाकू. “दारूची बाटली घरात आणायची? आम्ही तर दारूबंदीसाठी मोर्चे काढलेत.” प्रशिक्षणाला गेलं की हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत येतो. आणि प्रश्न अगदी बरोबर आहे. आपल्या राज्यात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर मतदान होतं, तेव्हा मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. कितीतरी गावांत बायांनीच ती बाटली आडवी केली आहे. ज्या घरात दारूनं संसार मोडला, त्या घरच्या बाईला टेबलावर सजवलेली बाटली बघवणार नाही. तिनं “मला हे काम नको” म्हटलं तर गटानं तिला आग्रह करू नये. इथं बहुमत चालवायचं नाही. तिला सुतळीचं, शिवणाचं, हिशेबाचं दुसरं काम द्या.

ज्या करतील त्यांनीही तीन नियम पाळावेत. पहिला, गावातल्या गुत्त्यावरून किंवा घराघरांतून बाटल्या गोळा करायच्या नाहीत. गावात जास्त दारू प्यायली गेली की आपली कमाई वाढते, असं नातं जुळताच कामा नये. बाटल्या हॉटेल, रिसॉर्ट, लॉन्स यांच्याकडून एकगठ्ठा घ्यायच्या. दुसरा, लहान मुलांना बाटल्या वेचायला पाठवायचं नाही. तिसरा, लेबल काढल्याशिवाय आणि टोपण मोडल्याशिवाय एकही बाटली कुणाला द्यायची नाही. लेबलासकट चांगल्या बाटल्या जास्त पैशांनी मागणारा कुणी आला तर सावध व्हा. अशा बाटल्यांत नकली दारू भरून विकणारे लोक असतात, आणि त्या दारूनं जीव जातात.

आता कामाला लागू. बाटली निवडताना उजेडात धरून बघा. तोंडाला टवका उडालेला, अंगावर केसासारखी चीर गेलेली बाटली बाजूला काढा. साधारण बाटली ७५० मिलिलिटरची असते, उंची एक फूट, वजन रिकामं अर्धा किलोच्या आसपास. फसफसणाऱ्या वाईनची बाटली याहून बरीच जड आणि जाड असते. लाल वाईनची बाटली बहुधा गडद हिरवी, पांढऱ्या वाईनची फिकट हिरवी किंवा पारदर्शक. रंगाप्रमाणे वेगळ्या ठेवा, पुढे उपयोग होतो.

धुण्यासाठी मोठ्या टोपात कोमट पाणी घ्या, त्यात धुण्याचा सोडा टाका, आणि बाटल्या रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी बहुतेक लेबलं आपोआप सुटतात. हातांना रबरी मोजे घाला, सोड्यानं कातडी फाटते. चिकट डिंक उरला असेल तर गोडं तेल आणि खायचा सोडा सारखे घेऊन चोळा, दहा मिनिटांनी घासणीनं पुसा. आतून धुवायला बाटलीत मूठभर जाडी वाळू किंवा तांदळाची कणी आणि साबणाचं पाणी घालून खळखळवा. थंड बाटलीत उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते. बाथरूमचं ॲसिड तर हातीही धरू नका. धुतलेल्या बाटल्या तोंड खाली करून दोन दिवस वाळवा. आत ओल राहिली तर वास येतो, आणि वास आला की गिऱ्हाईक गेलं.

पहिली वस्तू, सुतळीची बाटली. ही सगळ्यांना जमते. बुडापासून सुरुवात करा, पांढरा डिंक बोटानं दोन इंच लावा, सुतळी गुंडाळा, पुन्हा दोन इंच. डिंक एकदम सगळीकडे फासलात तर गुंडाळेपर्यंत सुकतो. एक हिशेब लिहून घ्या: दोन मिलिमीटर जाडीच्या सुतळीनं अख्खी बाटली गुंडाळायची तर सुमारे ३० मीटर सुतळी लागते. नुसती मान गुंडाळायची तर ८ मीटरमध्ये भागतं. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

दुसरी वस्तू, रंगवलेली बाटली. काच गुळगुळीत असते, तिच्यावर रंग नुसता दिला तर नखानं निघतो. म्हणून बाटली आधी व्हिनेगर किंवा स्पिरिटनं पुसा, बोटांचं तेल जाऊ द्या. मग पांढरा डिंक आणि खडूची पूड कालवून पातळ हात द्या. वाळल्यावर दुसरा हात. त्यावर ॲक्रिलिक रंग, आणि शेवटी वॉर्निश. गेरूच्या रंगाची जमीन आणि त्यावर पांढरी वारली चित्रं फार शोभतात. इथं एक आठवण ठेवा. वारली चित्रं लग्नाच्या वेळी भिंतीवर काढायच्या त्या घरातल्या सवाशिणी. तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहायच्या. पुढे पालघर जिल्ह्यातले जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही आहे. तेव्हा वारली बाया गटात असतील तर चित्रं त्यांच्याकडून काढून घ्या आणि त्याचे पैसे वेगळे द्या. नसतील तर आपापल्या अंगणातलं काढा. ठिपक्यांची रांगोळी, तुळशीवृंदावन, चैत्रांगण, हे आपल्या बोटांत आहेच. मोबाइलवर बघून सगळ्याजणी तेच तेच करतात, आणि मग प्रदर्शनात दहा टेबलांवर एकच बाटली दिसते.

तिसरी वस्तू, मनी प्लांटची बाटली. हिरवी वेल, पारदर्शक बाटली, गळ्याला सुतळीचा फास, भिंतीला टांगलं की झालं. पण साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळं पाणी फेकून, बाटली आतून घासून नवं पाणी भरायचं. विकताना गिऱ्हाइकाला हे सांगायचं. एका कागदावर लिहून बाटलीच्या मानेला बांधलंत तर आणखी बरं.

चौथा उपयोग परसबागेत. बाटली पाण्यानं भरा, तोंडावर अंगठा धरा, आणि कुंडीच्या ओल्या मातीत उलटी रोवा. आधी काठीनं भोक पाडा, नाहीतर मान मोडेल. पाणी हळूहळू झिरपतं. दोन दिवस माहेरी जायचं तर तुळस सुकत नाही. मात्र वाळूच्या मातीत पाणी भरभर उतरतं, तेव्हा आपल्या मातीत आधी करून बघा. वाफ्याला कडा करायलाही बाटल्या चालतात. मान खाली रोवून एकीला एक चिकटवत जायचं. बाटली सुमारे साडेसात सेंटिमीटर रुंद, म्हणजे दहा फुटांच्या कडेला ४० बाटल्या. जड बाटल्या इथं वापरा. पाण्यानं भरलेली पारदर्शक बाटली वाळक्या गवताजवळ किंवा कडब्याजवळ उन्हात ठेवू नका. भिंगातून कागद पेटतो ना, तसं होऊ शकतं.

पाचवी वस्तू, दिव्यांची बाटली. बुचाला जोडलेली छोट्या दिव्यांची माळ बाजारात तयार मिळते, ती बाटलीत सोडायची. दिवाळीत आणि लग्नसराईत याला मागणी असते. फक्त त्यातल्या बटणासारख्या सेलपासून जपा. लहान मुलानं तो गिळला तर आतून अन्ननलिका जळते, जीवावर बेततं. सेलचं झाकण स्क्रूनं बंद होणारीच माळ घ्या. घरातल्या विजेची वायर बाटलीत घालून दिवा करायचा उद्योग आपण करायचा नाही.

आणि बुचं फेकू नका बरं का. ते खरं बूच एका प्रकारच्या ओक झाडाच्या सालीचं असतं. पोर्तुगालमध्ये ही झाडं खूप आहेत. झाड न तोडता दर नऊएक वर्षांनी त्याची साल काढतात. सालीत हवा असते, म्हणून ती ताप अडवते. ३६ बुचं सहा-सहाच्या ओळीत उभी लावून, डिंकानं चिकटवून, भोवती सुतळी घट्ट बांधली की गरम पातेलं ठेवायला सहा इंची छान बैठक होते. हे काम म्हाताऱ्या आजीसुद्धा बसल्या जागी करतात.

आता काय करायचं नाही ते. मोबाइलवर एक प्रकार दाखवतात. दोरा रॉकेलमध्ये किंवा स्पिरिटमध्ये बुडवून बाटलीला बांधायचा, पेटवायचा, आणि बाटली थंड पाण्यात घालायची, म्हणजे ती दोन तुकडे होते. मैत्रिणींनो, दाखवणारा जमलेलीच बाटली दाखवतो. न जमलेल्या दहा दाखवत नाही. काच वाकडी तडकते, पेटतं रॉकेल हातावर, पदरावर येतं. काच कापणं हे यंत्राचं, पाण्याच्या धारेखाली करायचं, डोळ्याला चष्मा आणि नाकाला मास्क लावून करायचं काम आहे. काचेची पूड छातीत जाते, ती परत निघत नाही. म्हणून पहिलं एक वर्ष बाटली कापायची नाही. न कापता इतक्या वस्तू होतात, त्या आधी करा. कापलेल्या बाटलीचे पेले तर विकूच नका, ओठ कापला तर जबाबदारी आपली.

तसंच, या बाटल्यांत तेल, मध, सरबत, लोणचं भरून विकायचं नाही. आधी त्यात कुणी काय ठेवलं होतं, फिनेल की औषध, ते आपल्याला माहीत नसतं. खाण्याच्या वस्तूला नवी बाटली आणि रीतसर परवाना हवा. आणि बाटलीत रॉकेल घालून वातीचा दिवा करायचा नाही. तापून काच तडकली की घर पेटतं.

आता मुख्य गोष्ट. “बाटली फुकट, सुतळी दहा-वीस रुपयांची, मग शंभरला विकली तरी फायदाच की!” असं आपण म्हणतो. चला, २४ बाटल्यांचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला.

समजा हॉटेलच्या माणसाला बाटलीमागे ५ रुपये दिले, झाले १२०. रिक्षा १५०. सुतळी, डिंक, रंग, सोडा मिळून बाटलीमागे ३०, म्हणजे ७२०. बांधणीचा खर्च १२०. एकूण माल १,११० रुपये. आता वेळ. धुवायला ४ तास. गुंडाळून रंगवायला एका बाटलीला दीड तास, म्हणजे ३६ तास. विकायला एक दिवस, ८ तास. एकूण ४८ तास. तासाला ५० रुपये धरले तरी २,४०० झाले. सगळे मिळून ३,५१०. दोन बाटल्या फुटल्या, उरल्या २२. म्हणजे एक बाटली आपल्याला जवळजवळ १६० रुपयांना पडली.

ती शंभरला विकली तर? २२ बाटल्यांचे २,२००. मालाचे १,११० गेले, उरले १,०९०. त्याला ४८ तासांनी भागा. तासाला २३ रुपयेही पडत नाहीत. कमरेचा काटा ढिला करून, बोटं डिंकानं सोलून, २३ रुपये! आणि हे नुकसान वहीत दिसत नाही, कारण आपण आपला वेळ वहीत लिहितच नाही. सुतळीचा प्रत्येक रुपया लिहितो, हातांचे तास मात्र घरचेच म्हणून सोडून देतो.

मग बाटली २०० ला विकायची. गिऱ्हाईक २०० देत नसेल तर? तर भाव पाडू नका, नक्षी बदला. अख्खी बाटली गुंडाळण्याऐवजी फक्त मान गुंडाळा, ८ मीटरवाली. खाली काच तशीच दिसू द्या, तिच्यावर एकच चित्र काढा. काम अर्ध्या तासात होतं. सामानही बाटलीमागे १५ रुपयांत बसतं. आता माल ७५०, वेळ २४ तासांचे १,२००, एकूण १,९५०. बाटली पडली ८९ रुपयांना. ती १२० ला विकली तरी सगळ्यांची मजुरी सुटून गटाच्या पेटीत ६९० रुपये राहतात. म्हणजे नक्षी ठरवताना घड्याळ शेजारी ठेवायचं.

आणखी एक वाट आहे, भाड्याची. लॉन्सवाले आणि मंडपवाले हळदीला, साखरपुड्याला टेबलं सजवतात. २४ बाटल्या बाटलीमागे १५ रुपये भाड्यानं दिल्या तर एका कार्यक्रमाचे ३६० झाले. रिक्षा त्यांची, फुटली तर भरपाई त्यांची, असं आधी कागदावर लिहून घ्या. दहा कार्यक्रमांचे ३,६०० येतात आणि बाटल्या आपल्याच राहतात.

विकायच्या जागाही बघून ठेवा. नर्सरीवाले मनी प्लांटची बाटली घेतात. नाशिककडे जानेवारी ते मार्च द्राक्षाचा हंगाम, तेव्हा पर्यटक येतात, ज्या रिसॉर्टनं बाटल्या दिल्या त्याच्याच दारात टेबल मागा. ‘उमेद’ किंवा ‘माविम’शी गट जोडलेला असेल तर तालुक्याच्या, जिल्ह्याच्या प्रदर्शनांची चौकशी ताईंकडे करा. मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं, तिथंही गटांचा माल जातो. मात्र ४० बाटल्या म्हणजे २० किलो वजन, आणि तेही फुटणारं. प्रत्येक बाटली जुन्या कागदात गुंडाळा, खोक्यात भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट दाबून भरा, बाटली उभी ठेवा, दोन बाटल्या एकमेकींना लागू देऊ नका. एसटीत खोकं टपावर टाकू देऊ नका.

फुटलेली काच कचऱ्यात सुटी टाकू नका. जाड कागदात बांधून, वर “काच” असं लिहून भंगारवाल्याला द्या. स्वच्छ काच वितळवून पुन्हा पुन्हा नवी काच करता येते. सफाई करणारी बाईही आपलीच बहीण आहे, तिचा हात कापू नये.

येत्या बैठकीत एवढंच करा. पाच बाटल्या आणा, एक घड्याळ आणि वही घ्या. एका बाटलीला कुणाला किती मिनिटं लागली ते लिहा. मग किंमत ठरवा. बाजारात कुणी म्हणालं, “अहो ताई, रिकाम्या बाटलीचे कसले एवढे पैसे?” तर शांतपणे सांगा, “दादा, बाटलीचे पाचच रुपये आहेत. बाकीचे माझ्या हातांचे.”

प्रश्न असतील ते गटाच्या वहीत लिहून रेडिओ केंद्रावर पाठवा. पुढच्या वेळी त्यांची उत्तरं घेऊन येते. नमस्कार!